एकशे साठ श्रेयांकांची सनद

पेडणे महालातील बारावी उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही मुलाला आज विचारले, की पदवी पदरात पडण्यासाठी काय करावे लागते, तर तो आमच्या पिढीसारखे ‘पास व्हावे लागते’ असे तुटक उत्तर देत नाही. तो आकडा सांगतो. तीन वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली, गोवा विद्यापीठाने 2023-24 या वर्षापासून ती आपल्या महाविद्यालयांतून अमलात आणली, आणि मेजर, मायनर, श्रेयांक हे शब्द विर्नोड्यापासून म्हापशापर्यंत, जिथे म्हणून एखादे मूल महाविद्यालयात जाते तिथल्या घरांतून, मामलेदार कचेरीतल्या शब्दांइतकेच परिचयाचे होऊन गेले. पहिल्या तुकडीची सहा सत्रे संपत येऊ लागली तसा या घरांतून एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावे, की चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यावे?

या प्रश्नावर चोपड्यात एका पडवीत झालेले संभाषण मी पुढे देत आहे. बोलणारी माणसे दोन, काका आणि पुतणी. काकांना सारा गाव तात्या म्हणतो. मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. त्यांनी पदवी घेतली तेव्हा गोव्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, पणजी-मडगावची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, आणि ती व्यवस्था 1985 साली गोवा विद्यापीठाचे काम सुरू होईपर्यंत चालली. पुतणी बार्देशातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. वादाचे कारण तात्यांची नात. इतिहास तिचा मुख्य विषय, आणि सहा सत्रांची सरासरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असल्यामुळे ‘संशोधनासह ऑनर्स’चे दार तिला उघडे होते.

“बाय, मला आधी हिशेब सांग,” तात्यांनी आरंभ केला. “एकशे साठ श्रेयांक म्हणजे नेमके काय काय? माझ्या वेळी तीन-तीन तासांच्या प्रश्नपत्रिका होत्या, त्या तपासणारा माणूस मुंबईत बसलेला असे, आणि माझे नाव, गाव, जात, माझ्या गुरुजींची शिफारस यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोचत नसे. उत्तरपत्रिकेवर जे उतरले असेल त्याची किंमत होई. सन्मान म्हणायचा तर त्याला मी म्हणतो.”

पुतणीने तपशील सांगितला आणि तो शांतपणे, एखादा मुरलेला कारकून जमाखर्च वाचून दाखवतो तसा सांगितला. पंधरा तासांचे व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांत मुख्य विषयाला निदान 60, दुय्यम विषयाला 24, अन्य शाखांतील विषयांना 9, भाषेला 8, कौशल्याच्या अभ्यासक्रमांना 9, मूल्यवर्धित म्हणून ज्यांना म्हणतात त्यांना सहा ते आठ, आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला दोन ते चार. चौथ्या वर्षी त्यात चाळीसांची भर पडते : मुख्य विषयाचे आणखी 20, दुय्यमचे आणखी 8, आणि उरलेले 12 प्रबंधाचे.

“म्हणजे तीन वर्षांच्या एकशे वीसांत इतिहासाचे साठच!” तात्या म्हणाले. “निम्मी पदवी इतिहासाची, निम्मी सतरा ठिकाणची. इतिहासात पदवी घेतली असे सांगणाऱ्या मुलीने अर्धा वेळ इतिहासाबाहेर काढला, आणि तरी चौथ्या वर्षाअखेर तिला विशेष प्रावीण्याची सनद द्यायची, हे मला पटत नाही. विहीर खणायची तर एका जागी खणावी.”

“तात्या, ती निम्मी पदवी कोणाच्या कामी येते ते तुम्ही इथे बसून पाहिलेले आहे,” पुतणी म्हणाली. “तुमच्या काळात चोपड्यातून म्हापशाला जायचे तर फेरीबोट गाठायची, शिवोलीला उतरायचे आणि पुढची बस धरायची. पूल झाला, कदंबच्या बसेस झाल्या, तरी दुसऱ्या वर्षी घरच्या अडचणीने शिक्षण सोडणाऱ्या मुली काही थांबल्या नाहीत. जुन्या नियमाप्रमाणे अशा मुलीच्या हातात दोन वर्षांनंतर काय असे? काहीही नाही. नापासाच्या आणि तिच्या दाखल्यात फरक नसे. आता पहिल्या वर्षाचे चाळीस श्रेयांक आणि उन्हाळ्यातला चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केला की प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांचे ऐंशी आणि तसेच चार झाले की पदविका. श्रेयांक पेढीत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकंदर सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते. मोप्याच्या विमानतळावर नोकरी लागली म्हणून गेलेला मुलगासुद्धा परत येऊ शकतो. ज्या महालात विद्यापीठाचे शिक्षण घेणारी ही दुसरीच पिढी आहे, तिथे ही सोय मला फार मोलाची वाटते.”

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला, आणि तात्यांनाही तो वाटला असावा, कारण त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. परत येण्याची वाट ठेवणारा नियम हा उदार नियम आहे. त्याविषयी वाद घालणाऱ्याने आपल्या शेजारची चार घरे आठवून पाहावीत. पण मधेच बाहेर पडणाऱ्यासाठी केलेली सोय आणि शेवटपर्यंत जाणाऱ्याला द्यायचा सन्मान हे दोन निराळे विषय आहेत, आणि तात्यांचे मन दुसऱ्यावर अडले होते.

“असू दे,” ते म्हणाले. “आता मला ऑनर्सचे सांग. प्रबंध ज्याला करायचा नाही, त्याला काय?”

“त्याला बारा श्रेयांकांच्या बदल्यात तीन विषय जास्तीचे घेता येतात.”

“आणि पदवी?”

“तीही ऑनर्सच. प्रबंध लिहिणाऱ्याची ‘संशोधनासह ऑनर्स’, इतकाच फरक.”

“मग हा सन्मान कसला, बाय? आणखी तीन प्रश्नपत्रिका दिल्या म्हणून सन्मान?” तात्यांचा आवाज चढला. “मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेतून 1862 साली बाहेर पडलेले रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे यांची नावे अजून लोकांना पाठ आहेत. ती एवढ्यासाठी, की विद्यापीठाने हातात दिलेल्या कागदामागे त्यांनी नंतरच्या आयुष्यात आपल्या कामाचे वजन ठेवले. पदवीच्या नावात ऑनर्स हा शब्द घालून वजन येत नसते.”

या एका मुद्द्यावर मी नि:संशय तात्यांच्या बाजूचा आहे. चौथ्या वर्षाचे जे काही सार्थक आहे ते त्या बारा श्रेयांकांत आहे. मुख्य विषयाचे वीस आणि दुय्यमचे आठ हे मागील तीन वर्षांचेच पुढचे पाऊल. व्याख्याने ऐकावीत, टिपणे काढावीत, परीक्षा द्यावी, हा शिरस्ता त्यात मोडत नाही. प्रबंधात तो मोडतो. ज्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले नाही असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः उभा करायचा, त्याचा पुरावा स्वतः शोधायचा आणि तो पुरावा आपल्या मताच्या विरुद्ध गेला तर मत बदलून तसे लिहायचे, हा अनुभव पदवीच्या वयात ज्याला आला त्याच्या विचाराची ठेवण कायमची बदलते. प्रात्यक्षिकाच्या मापाने मोजले तर बारा श्रेयांक म्हणजे 360 तासांचे काम होते. तीनशे साठ तास एखाद्या प्रश्नापाशी बसलेले मूल आणि तीन जास्तीचे विषय उत्तीर्ण झालेले मूल यांना जवळजवळ एकाच नावाची सनद द्यावी, हे न्यायाचे नाही.

पुतणीने हे मान्य केले. परंतु लगेच तिने आपली खरी तक्रार पुढे मांडली, आणि ती प्रबंधाच्या दारावर लावलेल्या अटीविषयी होती. “पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के नसतील तर संशोधनाचे दार बंद. कोणती सहा सत्रे, तात्या? सगळी. आमच्याकडे गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकून आलेला मुलगा महाविद्यालयात पहिल्या सत्राला इंग्रजी संदर्भग्रंथ हातात घेतो तेव्हा चाचपडतो. दुसऱ्या वर्षी तो सावरतो, तिसऱ्या वर्षी तो वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न विचारतो. सरासरी काढली की त्याचे ते पहिले सत्र शेवटपर्यंत त्याच्या मानेवर बसते. अडुसष्ट-एकोणसत्तरवर तो अडकतो, आणि अंतर्गत गुणांवर पंचाहत्तर गाठलेला, पण प्रश्न कधीच न विचारणारा दुसरा आत जातो.”

मला वाटले होते, परीक्षेचे अभिमानी तात्या या अटीच्या समर्थनार्थ उभे राहतील. ते राहिले, पण निराळ्या कारणाने.

“अट काढलीस, आणि वर्गातली चाळीसही मुले प्रबंधाला आली, तर ते वाचणार कोण? मार्गदर्शक म्हणून पीएच.डी.ला मान्यता असलेले प्राध्यापक लागतात म्हणतेस. ते तुमच्या विभागात किती? दोघे असले तर पुष्कळ. मग प्रत्येकाच्या वाट्याला वीस प्रबंध येतील, आणि न वाचता सही होईल. न वाचता सही झालेल्या प्रबंधाने मुलाचे जेवढे नुकसान होते तेवढे दार बंद असल्याने होत नाही; त्याला आयुष्यभर वाटत राहते की संशोधन म्हणजे असेच काहीतरी असते.”

पुतणी काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “मर्यादा असावी हे मला कबूल आहे, तात्या. ती कशावर असावी एवढाच माझा प्रश्न आहे. ज्याला प्रबंध करायचा आहे त्याने सहाव्या सत्रात चार पानांचा आराखडा द्यावा, त्यावर अर्धा तास तोंडी विचारपूस व्हावी, आणि त्यातून निवड व्हावी. गुण पाहावेत, पण नुसते गुण पाहू नयेत.”

आयोगाची अट महाविद्यालयाच्या अखत्यारीतली नाही हे तिला माहीत होते. तरीही तिचे म्हणणे मला योग्य वाटते, कारण याच पंचाहत्तर टक्क्यांवर पुढचा मोठा दरवाजा अवलंबून आहे : नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. विषयक नियमांनी चार वर्षांची पदवी तेवढ्या गुणांनी घेतलेल्या विद्यार्थ्याला एम.ए. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत बसण्याची मुभा दिली आहे. एवढ्या दूरवर परिणाम करणारी गोष्ट केवळ सरासरीने ठरू नये. खर्चाविषयी जी भीती घरोघर बोलून दाखवली जाते ती मात्र बरीचशी निराधार आहे. पुढे एम.ए. करायचेच असेल तर तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, वर्षे पाचच. पुढे शिकायचेच नसेल तर ‘पदवीधर’ एवढीच अट घालणाऱ्या नोकरीसाठी तिसऱ्या वर्षी बाहेर पडावे. त्यात कमीपणा नाही.

संभाषण इथून कोसंबींकडे वळले, आणि ते वळणे अपरिहार्य होते, कारण गोव्यात विद्येविषयी दोन माणसे तासभर बोलली की त्या घराण्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. पुतणीने काढले ते दामोदर कोसंबींचे. 1907 साली कोसबेन येथे जन्मलेला हा मुलगा वडिलांबरोबर अमेरिकेस गेला, हार्वर्डमध्ये शिकला, आणि 1929 साली तेथील पदवी त्याने सर्वोच्च सन्मानाने घेतली. गणिताचे थोर अध्यापक बर्कहॉफ यांनी त्याला गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. त्याने तो मानला नाही, अनेक विषय घेतले आणि प्रत्येकात चमकला. “पुढे प्राचीन नाण्यांचा अभ्यास करताना त्यांनी ती नाणी तराजूत तोलली, वजनांना संख्याशास्त्र लावले, आणि झिजेवरून नाण्यांच्या वापराचा काळ काढू पाहिला. नुसता इतिहासकार ते करू शकला नसता आणि नुसत्या गणितज्ञाला ते सुचले नसते. तुमच्या त्या सतरा ठिकाणच्या साठ श्रेयांकांची बाजू मी यापेक्षा चांगली मांडू शकत नाही.”

“आणि मी म्हणतो, गणित त्यांना हाडीमासी खिळलेले होते म्हणून ते नाण्यांना लावता आले,” तात्या म्हणाले. “त्यांच्या तीर्थरूपांचे बघ. धर्मानंद सांखवाळचे, विद्यापीठाची कोणतीही पदवी जवळ नाही. संस्कृत शिकायचे म्हणून घर सोडून पुण्याला गेले, तिथून काशीला, पुढे नेपाळात, सिंहलद्वीपात. पालीच्या मागे लागले ते शेवटपर्यंत. त्याच पालीच्या बळावर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवले आणि ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावले. किती श्रेयांक झाले त्यांचे?”

बाप आणि मुलगा या दोघांच्या उदाहरणांत कोणते अधिक बलवान, याचा निकाल मी देणार नाही. परंतु दोघांमध्ये समान असलेली एक गोष्ट मला दोन्ही वाद्यांच्या नजरेतून सुटल्यासारखी वाटली, आणि ती अशी, की दोघांनीही दुसऱ्याने तयार करून दिलेल्या ज्ञानावर समाधान मानले नाही. एकाने हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले, दुसऱ्याने नाणी तोलली. वस्तूला हात लावला. ऑनर्सच्या नियमावलीत या हात लावण्याला जागा आहे ती त्या प्रबंधातच.

एवढा वेळ दारात उभी राहून ऐकणारी नात तेव्हा बोलली. तिला आगरवाड्याच्या मिठागरांवर प्रबंध लिहायचा होता. आगरवाडा आणि चोपडे यांची ग्रामपंचायत एक, आणि त्या वाड्याच्या नावातच आगर आहे. तात्या ताठ बसले. मग जवळजवळ अर्धा तास दुसरे कोणी बोलले नाही. ते सांगत होते आणि मुलगी लिहून घेत होती. पावसाळा सरल्यावर आगरातले पाणी उपसून काढायचे, तळाची चिखलमाती पायांनी तुडवून तुडवून इतकी टणक करायची की मीठ ओढताना मातीचा कण वर येऊ नये. मग मानशीच्या दारातून भरतीचे पाणी आत घ्यायचे, ते एका खणातून दुसऱ्यात सोडीत उन्हावर दाट होऊ द्यायचे, आणि शेवटच्या लहान खणांत मिठाचा थर धरला की लाकडी फळीने अलगद ओढून बांधावर ढीग घालायचे. फळी जोराने ओढली तर तळ सुटतो आणि मीठ काळे पडते. कोणाच्या हातचे मीठ पांढरे, कोणाच्या हातचे मळकट, हे गावात ठाऊक असे.

“हे झाले पाहिलेले,” पुतणी म्हणाली. “प्रबंध व्हायला लिहिलेले लागेल.” आणि तिने मुलीला 1878 चा आंग्ल-पोर्तुगीज करार सांगितला, ज्याने गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रज सरकारच्या हाती गेला आणि 1892 साली करार संपेपर्यंत इथल्या आगरवाल्यांना आपल्याच आगरातले मीठ मन मानेल तसे करण्या-विकण्याची मोकळीक राहिली नाही. त्या काळात आगरवाड्यात काय घडले? किती आगरे पडीक गेली, कोणी गाव सोडला? उत्तर असलेच तर पणजीच्या पुराभिलेखागारात असेल, ज्याचा पाया 1595 साली दियोगु दु कोउतु या दफ्तरदाराने घातला आणि ज्याच्या कागदांतून पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. त्यात पोर्तुगीज दप्तर आहे तसेच मोडीतलेही कागद आहेत.

“मोडी मला येत नाही,” मुलगी म्हणाली.

“तुझ्या त्या नऊ कौशल्य-श्रेयांकांत काय घेतलेस?” तात्यांनी विचारले.

तिने सांगितले. संगणकावरील सादरीकरणासारखे काहीतरी होते. तात्यांनी तिला दोष दिला नाही, ते पुतणीकडे वळले आणि म्हणाले, “यातले तीन श्रेयांक मोडीला आणि तीन पोर्तुगीज वाचण्याला दिले असते, तर तुझ्या साठ श्रेयांकांविरुद्ध मी आज एक अक्षर बोललो नसतो. विषय चहूकडचे असोत, पण ते एका कामाकडे येऊन मिळावेत.” पुतणीने उत्तर दिले, की महाविद्यालयाने मोडीचा अभ्यासक्रम मांडलाच नाही तर मुलीने तो घ्यायचा कुठून, आणि तो मांडावा असा अर्ज ती स्वतः आपल्या विभागात देणार आहे. माझ्या मते सगळ्या संभाषणातले सर्वांत उपयुक्त वाक्य हेच होते.

नातीने चौथे वर्ष करायचे ठरवले आहे. तात्यांनी दोन अटी घातल्या, की प्रबंधाची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक असावा आणि ती आगरवाड्याच्या चार आगरवाल्यांसमोर व्हावी. पहिली अट विद्यापीठाने पाळावी, दुसरी घरच्यांना पाळता येईल.

ज्यांच्या घरी सहावे सत्र संपवणारे मूल आहे त्या पेडणे-डिचोलीच्या पालकांना माझी विनंती एवढीच आहे : चौथ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाला घेऊन विभागात जा आणि तीन गोष्टी विचारून घ्या. प्रबंधाला मार्गदर्शक कोण आणि त्यांच्याकडे एकूण किती विद्यार्थी असतील. तो तपासणारा परीक्षक महाविद्यालयाबाहेरचा असेल काय. आणि प्रबंध पुरा झाल्यावर तो ग्रंथालयात इतरांना वाचायला ठेवला जाईल काय. तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तर एक वर्षाची फी आणि बसभाडे खुशाल खर्च करा. न मिळाली तर तीन वर्षांची पदवी घेऊन मुलाला दुसऱ्या विद्यापीठात एम.ए.ला पाठवा.